पडवी, न्हाणी आणि बंद बिऱ्हाड : जुन्या घराच्या लाकडाची वही (राजापूर तालुका, २०२५)

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

काकूच्या घराच्या लाकडाचं काम आजपासून हातात घेतलं. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं. वासे किंजळाचे, दारं-चौकटी सागाच्या, पुढच्या पडवीचे खांब फणसाचे. एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं. पूर्वेकडच्या भागात काकू बारा महिने राहते. पश्चिमेकडचा भाग मुंबईच्या चुलतभावांचा, तो मे महिन्यात आणि गणपतीत उघडतो.

निमित्त पडवीच्या तिसऱ्या खांबाचं. केर काढताना बुडाजवळचा रंगाचा पापुद्रा झाडूला लागून निघाला. आत लाकूड नव्हतंच, माती भरलेली होती. पेस्ट कंट्रोलवाल्याने सगळ्या घरावर फवारणीचा भाव दिला, त्याला थांबायला सांगितलं आहे. लागेल तिथे औषध वापरूच. पण हे घर इतकी वर्षं औषधाशिवाय उभं राहिलं, कारण बांधणाऱ्यांनी लाकूड मातीपासून आणि पाण्यापासून लांब ठेवलं होतं. ते अंतर कुठे आणि कशाने बुजलं, ते आधी शोधायचं. सगळं काम मृगाच्या आत आटपायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुतारकाकांबरोबर पूर्ण घर टोचून पाहिलं. हातात टोचायची टोकदार आरी, छोटी हातोडी, टॉर्च आणि लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र. हातोडीच्या ठोक्याला निकोप लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बदबद. आरी बोटभर सहज आत गेली की तिथे खडूने फुली.

पडवीच्या पाचपैकी तीन खांबांवर फुली पडली, तिघांचीही बुडं. छातीच्या उंचीवर ओलावा १३ टक्के, जमिनीलगत २६. साधारण २० टक्क्यांच्या खाली लाकूड राहिलं तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. म्हणजे एकाच खांबाचा वरचा भाग सुरक्षित आणि खालचा वीतभर बुरशीच्या सोयीचा.

कारण लगेच सापडलं. हे खांब मुळात दगडी तळखड्यांवर उभे होते. शेणाची जमीन काढून कोबा केला तेव्हा जमीन वर आली, पुढे कोब्यावर फरशी बसली तेव्हा आणखी वर. तळखडा दोन्ही थरांखाली गाडला गेला आणि खांबाचं बूड सिमेंटच्या खळग्यात अडकलं. फरशी पुसताना पाणी त्या खळग्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. वरून दर दोन-चार वर्षांनी ऑइल पेंटचा हात, त्यामुळे लाकडाला बाजूनेही वाळता येत नाही. उभ्या लाकडाचं कापलेलं टोक पाणी वर ओढतं, ते याच टोकाकडून.

पुन्हा पुन्हा रंगवलेला खांब बघणाऱ्याला उत्तम राखलेला वाटतो, म्हणूनच हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मागची पडवी. काकूचा पावसाळ्याचा लाकूडफाटा इथे रचलेला असतो: आंबा, काजू, नारळाच्या चुडत्या, करवंट्यांची पोती. थप्पी थेट जमिनीवर, एक बाजू भिंतीला टेकलेली, एक टोक मागच्या दाराच्या चौकटीला. वर्षभराची थप्पी संपत आली की तळाची लाकडं तशीच ठेवून वर नवी रचायची, ही पद्धत. तळाचा थर किती वर्षांचा आहे कोणास ठाऊक.

आज तळ उपसला. खालची लाकडं हाताने मोडत होती आणि त्यांच्यामधून मातीच्या नळ्या सलग चौकटीपर्यंत गेलेल्या. जमिनीत राहणाऱ्या वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती आपल्याभोवती ओल्या मातीची नळी बांधत पुढे सरकते. थप्पीखाली अंधार, ओल आणि खाणं तिन्ही मिळालं, नळी बांधायचे कष्टही वाचले. चौकट सागाची आहे, पण सागाचा फक्त गाभाच वाळवीला दाद देत नाही. सालीलगतचा पांढरा भाग ती आरामात खाते. चौकटीच्या एका कडेला तो पांढरा पट्टा होता, तेवढाच खाल्लेला. गाभ्याजवळ येऊन थांबली आहे.

काकूला दाखवलं. ती म्हणाली, "अगं, पण लाकडं पावसात बाहेर कुठे ठेवू?" प्रश्न रास्त आहे. घरापासून पाच-सहा पावलांवर पत्र्याची खोप घालायची, खाली चिऱ्यांचे दोन थर, त्यावर आडवे लोखंडी पाइप, त्यावर लाकडं. चुलीजवळ फक्त आठवड्याचं जळण. आणि नवं रचण्याआधी तळ पूर्ण रिकामा करायचा.

एक गोष्ट मात्र काकूच्या बाजूची नोंदवायलाच हवी. तिच्या चुलीच्या वरचे वासे काजळीने काळे झाले आहेत आणि सगळ्या घरात तेच सर्वांत निकोप आहेत. रोजची ऊब आणि धूर यांनी लाकूड कोरडं राहिलं. लाकडाची थप्पी चुकीच्या जागी होती, चूल बरोबर जागी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पूर्वेची बाजू. जोतं तीन पायऱ्यांचं होतं, जुन्या फोटोत स्पष्ट दिसतं. आज जेमतेम टीचभर दिसतं. तिथे भिंतीलगत अबोली, जास्वंद, शेवंतीचं अळं आहे आणि दरवर्षी त्यात लाल माती आणि शेणखत पडत आलं आहे. बागेची माती वाढत वाढत खिडकीच्या चौकटीच्या जवळ पोचली. शिवाय रोज संध्याकाळी पाइपने पाणी.

जांभा सच्छिद्र दगड. ओल्या मातीला टेकलेली भिंत ओल वर ओढते. त्यात या भिंतीला आतून सिमेंटचं प्लॅस्टर, त्यामुळे ती ओल खोलीकडे न सुटता आणखी वर, खिडकीच्या लाकडापर्यंत जाते. आतल्या बाजूला लोणा (ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार) फुटून रंग सुटला आहे, त्यावर दोनदा पुट्टी झाली आहे.

ठरलं: भिंतीपासून दोन फूट पट्टा मोकळा करायचा, माती जुन्या जोत्याच्या रेषेपर्यंत खाली न्यायची, उतार घरापासून बाहेर. फुलझाडं अंगणाच्या कडेला जातील. आतलं सिमेंट प्लॅस्टर खालून तीन फुटांपर्यंत काढून चुन्याचा गिलावा. काकूला झाडं हलवण्याचं वाईट वाटलं, तिची समजूत पटायला वेळ लागला. रोपं उपटायच्या आधी फांद्या लावून नवी करून घेणार आहोत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बंद बिऱ्हाड उघडलं. किल्ली मुंबईहून आली.

इथे बुडाकडे काहीच नाही. खांब, उंबरठा, चौकटी टणक. इथे कोणी फरशी पुसत नाही, बागेला पाणी घालत नाही, जळण ठेवत नाही. इथला सगळा नाश वरून आला आहे. वानरांनी फोडलेली कौलं गणपतीनंतर तशीच राहिली. दोन छपरं मिळतात त्या पन्हळीत आंब्याच्या पानांचा वीतभर थर, खाली त्याची काळी माती झालेली. पाणी तिथे तुंबतं आणि भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडात उतरतं. त्या लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी ठोकळे झाले होते, रंग गडद तपकिरी. चिमटीत दाबलं तर भुगा. ही तपकिरी कुज. ही बुरशी लाकडातला सेल्युलोज (तंतूंचा मुख्य घटक) खाते आणि लिग्निन (तंतू एकत्र धरणारा घटक) जवळपास तसंच सोडते, म्हणून उरलेलं लाकूड तपकिरी आणि ठिसूळ होतं. पांढरी कुज लिग्निनही खाते. तिथे लाकूड फिकट, तंतूतंतू होतं. ती मागच्या छपराच्या टोकाला आंब्याच्या रिपांत दिसली.

दारं-खिडक्या बंद, पडवीला गेल्या पावसाळ्यात लावलेला निळा प्लास्टिकचा कागद अजून तसाच बांधलेला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तो लावला आणि आतली ओल बाहेर जाऊ नये हे काम त्याने आठ महिने केलं. पूर्वी इथे माडाच्या चुडतांची विणलेली झापं लावायचे, त्यांतून वारा खेळायचा आणि ती दिवाळीच्या सुमारास उतरायची.

माळ्यावर मखरांच्या चौकटी, टीव्ही-फ्रिजचे पुठ्ठे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पुठ्ठा म्हणजे वाळवीला तयार सेल्युलोज. ती अजून तिथे पोचलेली नाही.

एकच छप्पर, एकाच काळचं लाकूड. राहत्या घरात पाय कुजले, बंद घरात माथा. दोन्हींकडे किडा किंवा बुरशी नंतर आली, आधी पाणी थांबलं.

१६ मार्च, रविवार

शिमगा. पालखी वाडीत आहे, सुतारकाका मानकऱ्यांत. काम बंद.

२३ मार्च, रविवार

आज काकूच्या माजघराच्या भिंतीवर पुन्हा मातीची रेघ दिसली. इथे आणि आजूबाजूच्या प्रत्येक घरात जे करतात तेच ती करणार होती: झाडूने रेघ झाडायची, रॉकेल किंवा फिनेलचा बोळा फिरवायचा. मी हात धरला.

ही सवय मला सगळ्यांत घातक वाटते. रेघ पुसल्याने वाळवीचं काही बिघडत नाही. वारूळ जमिनीत, राणी तिथे, कामकरी हजारोंनी. एक वाट मोडली की त्या दुसरीकडून, बहुतेक वेळा फरशीच्या फटीतून किंवा प्लॅस्टरच्या मागून, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या वाटेने येतात. उलट दिसणारी रेघ ही आपली माहिती आहे: कुठून निघते, कशाकडे जाते. त्यामुळे आता असं करतो. रेघेचा मधला इंचभर भाग मोडायचा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. दोन-चार दिवसांत ओल्या मातीने डागडुजी झाली तर वाट चालू आहे. नाही झाली तर जुनी.

रेघ फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून निघाली होती. सांधा उकरला तर खाली सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतताना लावतात त्या) फळीचा तुकडा, कोबा करताना भरावात टाकलेला. लाकडाचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या भरावात गाडणं ही गवंडीकामातली सर्रास रीत आहे. पायाखाली ठेवलेलं खाद्य संपलं की वाळवी वर बघते. नवं घर बांधणाऱ्यांनी भरावाच्या दिवशी तिथे उभं राहावं, एवढं एक काम केलं तरी पुष्कळ.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढीची काठी काढली तर बांबूच्या पेऱ्यांतून बारीक पांढरी पूड गळली. हे वाळवीचं काम नाही. बांबूतल्या पिष्टावर जगणारे बारीक भुंगेरे आहेत. त्यांचे चुलतभाऊ आंब्या-फणसाच्या पांढऱ्या लाकडात येतात. गाभ्यात पिष्ट नसतं, तिकडे ते फिरकत नाहीत.

पुडीवरून चोर ओळखता येतो, म्हणून लिहून ठेवते. बोटांत चोळली तर कणही लागत नाही इतकी मऊ पूड आणि एक-दोन मिलिमीटरचं भोक: हे भुंगेरे. खसखशीसारखे सुटे, टणक, सहा बाजूंचे दाणे लाकडाखाली ढिगाने पडले: कोरड्या लाकडात राहणारी वाळवी, हिला जमिनीशी संबंध लागत नाही आणि ती फर्निचरबरोबर घरात येते. जाडसर भुसा आणि बोट जाईल असं गोल भोक: काळा भुंगा. तो लाकूड खात नाही, घरटं करतो, पण वर्षानुवर्षं तेच वासे वापरतो आणि भोकातून पाणी शिरतं.

बांबू पावसाळा संपल्यावर, वद्य पक्षात तोडायचा आणि वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा, ही इथली जुनी रीत. भिजवल्याने पिष्ट धुऊन जातं. पावसाळ्यानंतर पिष्ट कमी असतं. पक्षाबद्दल मी खात्री देत नाही, पाण्याबद्दल देते. आता मिळणारा बांबू कधी तोडला ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून निळ्या कागदाच्या जागी पडवीला लावायच्या झडपांसाठी आणलेला बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या ५ टक्के द्रावणात (बोरॅक्स ३ भाग, बोरिक २) बुडवायला ठेवला आहे.

१२ एप्रिल, शनिवार

पडवीचे खांब. या कामाची सगळ्यांत जास्त धास्ती होती.

आडव्या तुळईखाली दोन बाजूंना लोखंडी धिरे, त्यांच्याखाली जॅक. सुतारकाकांनी तुळई दोरीच्या जाडीएवढीच उचलली. जास्त उचलली तर कौलं सरकतात. खांबाभोवतीची फरशी आणि कोबा कापला. खाली जुना तळखडा सुस्थितीत निघाला. खांबाचा कुजलेला भाग एक फुटाच्या आतबाहेर. तेवढा करवतीने कापून टाकला, निकोप लाकूड लागेपर्यंत.

आता कापलेल्या जागी काय, यावर दोन मतं होती. गवंड्याचं म्हणणं सिमेंटचा ठोकळा ओता. सुतारकाका म्हणाले, "ताई, लाकडाच्या जागी लाकूड नको आणि सिमेंटही नको. दगड वर येऊ द्या." काळ्या दगडाचा घडवलेला ठोकळा तळखड्यावर बसवला, माथा फरशीच्या वर नऊ इंच येईल असा, कडांना किंचित उतार. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये तांब्याचा पत्रा. तो चारी बाजूंनी दोन इंच बाहेर काढून ४५ अंशांत खाली वाकवला. पत्र्यामुळे वाळवी मरत नाही. पण तिला वर जायचं तर पत्र्याच्या ओठाला वळसा घालून उघड्यावर नळी बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. वाळवीविरोधी उपायांच्या भारतीय मानकात, आय.एस. ६३१३ च्या पहिल्या भागात, असे अडथळे बांधकामातच घालायला सांगितले आहेत. बांधताना केलेली सोय हाच पहिला भाग आहे, रसायनं दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात येतात. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

जुना ऑइल पेंट खरवडून काढला. खांबांना काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात. वास आठवडाभर राहील आणि उघड्या हाताने लावलं तर कातडी भाजते, हातमोजे लागतातच.

२७ एप्रिल, रविवार

न्हाणीची चौकट. खालचा फूटभर लाकूड नव्हतंच, रंगाने धरून ठेवलं होतं. न्हाणीत लाकूड ठेवायचंच नाही असं ठरवून ग्रॅनाइटची चौकट बसवली. सांडपाण्याचा पाइप बाहेर भिंतीच्या बुडाशीच सोडलेला होता. तो लांबवून केळींपर्यंत नेला.

४ मे, रविवार

औषधाचा प्रश्न. मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे उभ्या घरात भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात दर ३०० मिलिमीटरला भोक पाडून द्रावण सोडतात, बाहेरून जोत्यालगत चर काढून माती भिजवतात. पण विहीर घराच्या उत्तरेला अगदी जवळ, आणि जमीन जांभ्याची. या दगडातून पाणी किती झरझर उतरतं हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिण्याचं पाणी तेच. एके काळी इथे अल्ड्रिन या कीटकनाशकाची पावडर सढळ हाताने टाकायचे, ते देशात बंद झालं ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतं म्हणूनच.

दुसरा पेस्ट कंट्रोलवाला जाणता निघाला. त्याने स्वतःच विहिरीचं अंतर विचारलं आणि उत्तरेच्या बाजूला जमिनीत काहीही सोडणार नाही असं सांगितलं. माजघरातली चालू वाट आणि मागची चौकट, एवढ्याच जागी आतून भोकं पाडून औषध दिलं. बाकी आतल्या लाकडांना बोरॅक्स-बोरिकचे दोन हात. हे पाण्यात विरघळतं, म्हणून पाऊस लागेल अशा लाकडाला लावून उपयोग नाही, धुऊन जातं. झडपांच्या बुडवलेल्या बांबूतूनही ते हळूहळू जाईल.

११ मे, रविवार

चुलतभाऊ आले आहेत. शाकारणी सुरू. कौलं उतरवून झाडली, पन्हळ साफ, माथ्याचं कुजलेलं लाकूड बदलून ऐनाचं टाकलं. ओलाव्याचं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनाच आकडे वाचायला लावले. त्यानंतर माळा रिकामा करण्याबद्दल वाद झाला नाही. बंद काळात महिन्यातून एकदा काकूने किंवा तिच्या माणसाने दारं-खिडक्या दिवसभर उघडायच्या आणि त्याचे पैसे मुंबईकरांनी द्यायचे, असं ठरलं. निळा कागद टाकून दिला. त्या जागी बांबूच्या झडपा.

२१ मे, बुधवार

पाऊस! काल रात्रीपासून धो धो. पुढच्या बाजूच्या पत्र्याच्या पन्हळी अजून बसायच्या आहेत.

संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचा ढग. काकू घाबरली. या बाहेरून दिव्याकडे आल्या होत्या, पडवीचा दिवा घालवताच पांगल्या. बाहेरच्या वारुळांतून पहिल्या मोठ्या पावसात त्या निघणारच, आणि बहुतेक पाली-बेडकांच्या पोटात जातात. घाबरायचं ते खोलीच्या आत, बंद खिडकीपाशी, भिंतीच्या फटीतून किंवा चौकटीतून निघताना दिसल्या तर. आम्ही टॉर्च घेऊन प्रत्येक चौकट पाहिली. आतून कुठूनही नाही. पंखवाल्या मुंग्यांशी गल्लत होते: वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे आणि कंबर नसते, मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे.

२६ मे, सोमवार

काल मान्सून तळकोकणात आल्याचं जाहीर झालं, आज मुंबईत. मृगाचा हिशेब यंदा चुकला. पन्हळी नसल्यामुळे पागोळ्या थेट अंगणात पडून चिखल उडतो आहे आणि पहिल्या दोन खांबांवर तो उडालेला दिसतो, अगदी नऊ इंचांच्या दगडाच्याही वर. पागोळीच्या रेषेत तात्पुरती खडी पसरली, उडणं निम्म्याहून कमी झालं. खडी कायमच राहू द्यावी असं वाटतं.

६ जुलै, रविवार

भर पावसात पुन्हा आकडे घेतले. तिन्ही खांबांची बुडं १८-१९ टक्के. इथल्या आषाढात हवाच इतकी दमट की यापेक्षा खाली उतरणं अपेक्षित नाही, ऑक्टोबरमध्ये खरी परीक्षा. बंद बिऱ्हाडातलं नवं माथ्याचं लाकूड १९. पूर्वेची खिडकी मात्र २४. भिंत अजून जुनी ओल सोडते आहे. चुन्याचा गिलावा तिथे दमट दिसतो, पण लोणा फुटलेला नाही. या खिडकीवर लक्ष.

दुसऱ्या खांबाच्या दगडावर मातीची बोटभर नळी चढलेली, पत्र्याच्या ओठाखाली थांबलेली. पत्र्याने आपलं काम केलं. नळी खरवडली, तारीख लिहिली. चार दिवसांनी काकू बघून फोन करेल.

राहिलेलं: पुढच्या पन्हळी गणपतीच्या आत (२७ ऑगस्ट). मखराच्या चौकटी यंदा विसर्जनानंतर माळ्यावर जाणार नाहीत, पत्र्याच्या पेटीत जातील. विहिरीकडचा मेलेल्या माडाचा बुंधा मुळासकट काढायचा, त्यासाठी जमीन वाळायला हवी, दिवाळीनंतर. झडपा उतरवायच्या तेव्हाच वानरांनी फोडलेली कौलं मोजून नवी मागवायची. जुन्या साच्याची कौलं मिळायला वेळ लागतो, पन्नासेक जास्तीची घेऊन ठेवणं बरं.